नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही

मेलेल्या माणसांना उठवायचं काम सोलापुरात लालबी करायची. त्याबद्दल तिला मंडळाकडून एक कप चहा मिळायचा, तोही बहुतेक वेळा गार झालेला.

काम म्हटलं तर साधं. सिद्धाप्पा मास्तरांच्या हौशी नाटक मंडळाचा एक रिवाज होता. नाटकात जो मरतो त्यानं पडदा पडला म्हणून आपला आपण उठून चालू लागायचं नाही. नाकावर माशी बसो, पायाला मुंग्या येवोत, पडून राहायचं. मग विंगेतून कुणीतरी बाहेर यायचं, त्याच्या कानाशी वाकून त्याचं खरं नाव घ्यायचं, घरात हाक मारतात ते, आणि त्याच्या हातावर गूळ-शेंगा ठेवायच्या. तेव्हा कुठं मेलेला उठणार. मास्तर तरुण असताना म्हणे एक नट रंगमंचावर मेला, टाळ्या घेऊन तसाच सायकलवर टांग मारून घरी गेला आणि आठवडाभरात तापानं खरोखरच गेला. ताप कशाचा होता हे कुणी विचारलं नाही. मरणाचं तोंड घेऊन कुणाला घरी धाडायचं नाही, एवढं मास्तरांनी ठरवून टाकलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण या बाबतीत त्यांनी कुणाचा तर्क ऐकून घेतला नाही.

लालबीकडं हे काम आलं ते ती कायम विंगेत असायची म्हणून. मंडळाचा कपडेपट तिच्या ताब्यात होता. नवरा मकदूम टेम्पो चालवायचा आणि ही घरी शिवणकाम करायची. एकदा राजाचा अंगरखा ऐन वेळी उसवला म्हणून मास्तर तिच्या दारात आले, आणि अंगरखा शिवून घेता घेता बाईच मंडळाला शिवली गेली. ओठांत टाचण्या, गळ्यात टेप, कमरेला गूळ-शेंगांची पुरचुंडी. लहानथोर सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मास्तरांच्या बायकोसुद्धा खालाच म्हणायच्या, आणि त्या वयानं तिच्याहून चांगल्या थोरल्या होत्या.

मंडळानं नाटकं पुष्कळ केली, पण लोक ओळखत ते एकाच नाटकानं, 'बंद वेस'. शंभरएक वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं. प्लेगची साथ येते, एका गावचा पाटील गावाची वेस बंद करतो आणि सगळ्यांना शपथ घालतो, बाहेरचं माणूस कुणी का असेना, आत घ्यायचं नाही. त्याच रात्री त्याची लेक चंद्रा सासरहून येते. सासरचं गाव ओस पडलेलं, जाणार कुठं? ऐन थंडीत ती रात्रभर वेस ठोठावते. "आबा, मी हाय, दार उघडा." पाटील आतून ऐकतो आणि उघडत नाही. सकाळी वेस उघडतात तर लेक गारठून मेलेली. पाटील तिचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत राहतो, "चंद्रा, ऊठ! चंद्रा!" ती उठत नाही आणि पडदा पडतो.

ही चंद्रा कितीतरी वर्षं लालबीची मुलगी झीनत करत होती. झीनत विंगेतच वाढली. तालमीच्या वेळी आईच्या पायाशी बसून सांडलेल्या टाचण्या गोळा करायची, आणि जरा मोठी झाली तशी सरळ रंगमंचावर गेली. मुसलमानाची पोरगी नाटकात जाते म्हणून नात्यातल्या काहींनी नाकं मुरडली. मकदूम त्यांना म्हणाला, "मेरी बेटी रोती सो देखने कू पूरा सोलापूर टिकट निकालता. तुमकू क्या तकलीफ?"

पडदा पडला की लालबी बाहेर यायची. पाटलाच्या वेशातला अजिनाथ मांडीवर झीनतचं डोकं घेऊन बसलेला असायचा. लालबी वाकून म्हणायची, "झीनत, ऊठ गं." झीनत आधी एक डोळा उघडायची, मग दुसरा, आणि शेंगांसाठी हात पुढं करायची. झालं, एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी लालबी ते नाटक विंगेत उभी राहून दर वेळी सोसायची. नाटकातल्या बापाला जे जमत नव्हतं ते तिला दर वेळी जमत होतं, आणि त्याचा तिला जरा गर्व होता. गर्वाचं घर खाली, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण एका आईचा एवढा चिमूटभर गर्व देवाला बघवला नाही, याचा मला अजून राग येतो.

झीनतचं लग्न अकलूजला झालं. तिथं ती शाळेत शिकवायला लागली. दोन वर्षांपूर्वी थंडीत, साखर कारखाने जोरात चालू असताना, ती स्कूटीवरून शाळेला निघाली. धुक्यात रस्त्याच्या मधोमध उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, आणि तिच्या मागं साधा लाल कापडाचा तुकडा बांधायचीसुद्धा कुणाला बुद्धी झाली नव्हती. झीनत जागेवरच गेली.

लालबी आणि मकदूम टेम्पो काढून टेंभुर्णीच्या रस्त्यानं अकलूजला पोचले तोवर सगळं आवरलं होतं. आंघोळ घातलेली, कफन चढवलेलं, तोंड तेवढं उघडं. दवाखान्यातून ताब्यात मिळायलाच दुपार उलटली होती, त्यामुळं पुरुषमंडळी जनाजा उचलायला दारात खोळंबलेली. लालबी वाकली. इतक्या वर्षांची सवय, तिचं तोंड आपसूक लेकीच्या कानाशी गेलं आणि हात कमरेच्या पुरचुंडीकडं गेला. पुरचुंडी तिथं नव्हती. नाव ओठांवर येतंय तेवढ्यात कुणा म्हाताऱ्या बाईनं तिला मागून धरलं. "आवाज नक्को बी, आवाज नक्को. मय्यत के सामने चिल्लाते नहीं." ती बाई वाईट नव्हती, तिच्या परीनं ती सांभाळूनच घेत होती. लालबी गप्प झाली. झीनतला घेऊन गेले आणि ते नाव लालबीच्या घशातच राहिलं.

त्यानंतर तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज यायचा नाही. मशीन चालवता चालवता पाणी यायचं, ती पदरानं पुसायची आणि पुढची टीप घालायची. शेजारणी म्हणायच्या, खालानं लई धीरानं घेतलं. लोकांना गप्प बसलेलं माणूस नेहमीच धीराचं वाटतं.

मंडळानं 'बंद वेस' बासनात बांधून ठेवलं. खालासमोर त्या नाटकाचं नाव काढायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलं. मग सुरू झाली हसायची नाटकं. एकाला दोन बायका, घरात एक बहिरा भाडेकरू, स्टेशनवर बदललेल्या बॅगा. लोक खो खो हसत आणि घरी जाईपर्यंत विसरत. त्या नाटकांत कुणी मरतच नव्हतं, त्यामुळं लालबीला विंगेत हुक लावण्यापलीकडं काम राहिलं नाही.

आणि मग यंदा दिवाळीनंतर ती स्वतः मास्तरांच्या घरी गेली. मास्तर आता ऐंशीच्या पुढं, पायरी उतरायची तर काठी लागते. लालबी उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "मास्तर, बंद वेस करा की यंदा."

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. "लालबी, तुला सोसंल का गं यव्वा?"

"न करता तरी कुटं सोसतंय? करा तुमी."

मास्तरांनी पुढं विचारलं नाही. तिनंही खरं कारण सांगितलं नाही, मास्तरांना नाही आणि मकदूमलाही नाही. कारण एवढंच होतं की तिला झीनतला एकदा हाक मारायची होती. घरात मारून बघितली तर मकदूम झोपेतून दचकून उठून बसला. कबरस्तानात बायकांनी जायचं नसतं. राहिली एकच जागा, पडलेल्या पडद्यामागची. तिथं तिनं ते नाव घेतलं आणि लेक उठली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. लालबी खुळी नव्हती. गेलेलं माणूस येत नाही हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि हाक मारून बघणं वेगळं, आणि तिची हाक मारायची राहिली होती.

नाटक बसवायला आली प्रियंका. पुण्याला नाटकाचं शिक्षण घेऊन परत आलेली, हुशार, चहा थंड करून पिणारी आणि कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारी. चंद्राच्या कामाला तिनं प्रियदर्शनी नावाची मुलगी निवडली. मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, सोलापुरात कॉलेजला. तिची भाषा ऐकून मंडळातले दोन जण हसले, पण पहिल्याच वाचनात तिनं "आबा, दार उघडा" म्हटलं आणि हसणाऱ्यांनी खाली बघितलं. पाटलाला पांघरायला तिनं आपली आजी केराबाई हिची घोंगडीच गावाहून आणून दिली. झीनतची चोळी तिला सैल होत होती. लालबीनं आतून टिपा मारल्या, पण आत दुमडलेलं जास्तीचं कापड कापलं नाही.

एका तालमीला वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याचा प्रश्न होता, "लोकांना आज दोन घटका करमणूक हवी असते. मग हे जुनं रडकं नाटक कशासाठी?"

अजिनाथ म्हणाला, "करोनात आपण सगळ्यांनी आपापल्या वेशी बंद केल्या होत्या. माझा सख्खा चुलता गावाच्या शाळेत एकटा मेला, आम्ही लांबून बघितलं. पाटील काय, आता कुणालाही कळतोय." प्रियंका म्हणाली, पाटील दुष्ट नाही, त्यानं गाव वाचवलं आणि लेक घालवली, आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा प्रेक्षकानं काय करायचं हा प्रश्न आजचाच आहे. ती आणखी बरंच बोलली आणि त्यातलं बरंचसं बरोबरही होतं. मास्तर म्हणाले, "हसायला माणूस मोबाईलवर एकटाच हसतो हो. रडायला सोबत लागते. ती कुठं मिळते आता?"

त्या माणसानं लालबीकडंही बघितलं. "खाला, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मला चोळीला हुक लावायचेत," लालबी म्हणाली.

हे सगळं सुरळीत चालू असताना माशी शिंकली. प्रियंकानं जाहीर केलं की शेवटी पडदा पाडायचा नाही. "पडदा पडला की लोक चपला शोधायला लागतात. आपण एकदम काळोख करू. काळोखात प्रियदर्शनी उठून रांगेत येईल, दिवे लागतील, सगळे नमस्कार करतील. स्वच्छ शेवट."

लालबीनं ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "मग नाव कुणी घ्यायचं?"

"कसलं नाव?" प्रियंकानं विचारलं. अजिनाथनं तिला तो रिवाज सांगितला. ती हसली, पण दुष्टपणानं नाही. "अहो खाला, मग नंतर आत मेकअपच्या खोलीत घ्या की. चहाबरोबर."

अजिनाथनं घोंगडी सारखी केली. मास्तर त्या दिवशी तालमीला नव्हते, आणि लालबीला भांडता येत नव्हतं. भांडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ती घरी गेली, भाकरी थापल्या, मकदूमला वाढलं आणि स्वतः तशीच निजली. एवढं करून नाटक उभं केलं, आणि हातातोंडाशी आलेला घास असा जाणार.

रंगीत तालमीला काळोख झाला. दिवे लागले. सगळे ओळीत हात जोडून उभे होते, आणि प्रियदर्शनी मात्र पुढं तशीच मेलेली.

"अगं ऊठ की!" प्रियंका खालून ओरडली. "काय झालं तुला?"

प्रियदर्शनी डोळे मिटूनच बोलली. "माझं नाव कुटं घेतलंय आजून कुणी?"

सगळे हसले. प्रियंका म्हणाली, "अगं, तो जुना रिवाज..."

"आजी म्हणतीया, मेल्यालं माणूस आपलं आपण उठत न्हाय. लई वंगाळ दिसतंय ते. समोर लोक रडत्यात आन् मी लुगडं झटकत उठू व्हय? मग कशाला रडावं त्यांनी?" असं म्हणून तिनं एक डोळा उघडला आणि विंगेकडं बघितलं. एकच डोळा. लालबीनं तोंड फिरवलं.

प्रियंका नखं कुरतडायला लागली. हट्टी होती, पण कान बंद असलेली नव्हती. शेवटी तिनं पडद्याच्या दोरीवर बसणाऱ्या सिद्धूला हाक मारली. "सिद्धूकाका, पडदा सोडून दाखवा बघू एकदा." पडदा सरसरत खाली आला. लालबी मात्र त्या दिवशी बाहेर आली नाही. तिनं अजिनाथलाच प्रियदर्शनीचं नाव घ्यायला सांगितलं. आपली हाक तिनं प्रयोगासाठी राखून ठेवली.

प्रयोगाच्या दिवशी थिएटर भरलं. मकदूम आला नाही, म्हणजे आला, पण बाहेर टेम्पोतच बसून राहिला. सुरुवातीला अंधारात इथं तिथं मोबाईल चमकत होते. चंद्रा वेस ठोठावायला लागली तसे ते एकेक विझले. "आबा, मी हाय. आबा, दार उघडा." अजिनाथ वेशीला पाठ लावून उभा, ओठ दाताखाली. गॅलरीतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "उघड की रं बाबा दार! लेक हाय तुझी!" एरवी अशा वेळी थिएटरात हशा पिकतो. कुणी हसलं नाही. पुढच्या एका रांगेत एक तरुण गडी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि शेजारचा अनोळखी माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत होता.

विंगेत लालबी पुरचुंडी मुठीत धरून उभी होती.

"चंद्रा, ऊठ! चंद्रा!" अजिनाथच्या शेवटच्या हाकेवर पडदा खाली आला. पलीकडं टाळ्या नव्हत्या, नुसतं नाकं ओढल्याचं ऐकू येत होतं. लालबी बाहेर आली, गुडघे टेकून बसली, आणि तोंड त्या मुलीच्या कानाशी नेलं.

"झीनत," ती म्हणाली. "झीनत, ऊठ गं."

अजिनाथनं मान वर केली नाही. विंगेत प्रियंकानं तोंडावर हात दाबून धरला. प्रियदर्शनीला ही हाक आपली नव्हे हे कळलं, आणि कुणाची आहे तेही कळलं. पोर मनाची मऊ. तिच्या पापण्या हलल्या, तिनं कोपर टेकलं आणि दुसरीच्या नावावर उठायला लागली.

लालबीनं तिच्या कपाळावर तळवा ठेवला आणि तिला हळूच परत निजवलं. "तू नको उठू माय. तुला न्हाय हाक मारली. तिला मारलीया. ती उठती का बगू दे जरा."

मग तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलावतात तशी. "झीनत!" तिला मागून धरायला इथं कुणी नव्हतं. ती थांबली. तिनं उजव्या विंगेकडं बघितलं, डाव्या विंगेकडं बघितलं, लाकडी वेशीकडं बघितलं. दिवे चालू होते, सगळं स्पष्ट दिसत होतं. कुणी उठलं नाही.

लालबीनं पुरचुंडीची गाठ सोडली. "प्रियदर्शनी," ती म्हणाली. "ऊठ बाळा. तुजी आई वाट बगत आसंल."

प्रियदर्शनी उठून बसली आणि तिनं हात पुढं केला. लालबीनं त्या हातावर गूळ-शेंगा ठेवल्या, आणि ठेवता ठेवता अकलूजला घशात अडलेला तो आवाज तिच्या तोंडून बाहेर पडला.

सिद्धूला आयुष्यभर एवढंच ठाऊक, मेलेला उठला की पडदा वर घ्यायचा. त्यानं दोरी ओढली. लोकांना दिसली ती गळ्यात टेप अडकवलेली एक बाई. नुकत्याच मेलेल्या चंद्रानं तिला कवेत घेतलं होतं आणि ती बाई गळा काढून रडत होती. सगळ्यांना वाटलं नाटक अजून चालूच आहे. कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतले मास्तर काठीवर भार देऊन उभे राहिले, त्यांच्या मागची रांग उभी राहिली, मग त्या मागची. ती रडत होती तोवर सगळे तसेच उभे होते. आवाज नको, असं कुणीही म्हणालं नाही.